सोलरचं गरम पाणी आणि पंपाचं गार पाणी : शॉवरमध्ये मेळ कसा बसवायचा?

कृष्णाकाठ

मंडळी, साताऱ्यात आमचं तळमजला अधिक एक मजला असं घर आहे. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर आणि शेजारी सात फुटी कट्ट्यावर १००० लिटरची गार पाण्याची टाकी. बरीच वर्षं दोन्ही पाणी आपसूक खाली यायचं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

दिवाळीआधी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं काम काढलं. भिंतीतला डायव्हर्टर (गरम-गार मिसळून पाणी तोटीला किंवा शॉवरला वळवणारा मिक्सर) आणि आठ इंची मोठा शॉवर बसवला. एवढ्या मोठ्या शॉवरला धार बारीक पडते म्हणून गार पाण्याच्या लाइनवर दीड किलो दाबाचा प्रेशर पंप टाकला. तेव्हापासून त्रास सुरू झाला.

खालच्या तोटीला गरम पाणी व्यवस्थित येतं, पण तेच शॉवरला वळवलं की गार पडतं. हँडल पूर्ण गरमकडे नेलं तर कडकडीत, केसभर मागे आणलं की बर्फ. मधलं विसण लागतच नाही. शिवाय सकाळी आंघोळी चालू असताना सोलरच्या व्हेंट पाइपमधून (टाकीतली हवा-वाफ जायची उघडी नळी) गच्चीवर पाणी वाहतं. सोलर आता लवकर कोमट पडतो, ही आणखी एक तक्रार.

एक प्लंबर म्हणतो डायव्हर्टर खराब आहे, बदला. दुसरा म्हणतो व्हेंट पाइपला बूच मारा, पाणी वाहायचं थांबेल. घरात आई ७८ वर्षांची आहे, पाणी अचानक तापलं तर तिला पटकन बाजूला होता येत नाही. त्यामुळे नीट समजून घेऊनच काम करायचं आहे.

पाइपपाना

सगळ्यात आधी : व्हेंटला बूच मारू नका. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरची टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. नळ्या टाकीत शिरतात तिथे फक्त रबरी रिंग असते. व्हेंट बंद केला की पंपाचा दाब थेट त्या रिंगांवर येणार. उन्हाळ्यात वाफ धरली तर तिलाही वाट नाही. आणि कधी टाकी रिकामी होताना आत हवा शिरली नाही तर टाकी आत चेपते. अशा पिचक्या टाक्या मी उतरवल्या आहेत.

डायव्हर्टरही बहुतेक ठीकच असणार. तुमचं दुखणं एवढंच आहे की एका मिक्सरमध्ये दोन वेगळ्या दाबांचं पाणी येतंय. गारेला पंपाचा जोर आणि गरमेला फक्त गच्चीची उंची. दोन्ही पाणी डायव्हर्टरच्या पोटात भेटतात. तिथून पुढे शॉवरच्या बारीक भोकांतून बाहेर पडायला अडथळा आहे, म्हणून त्या पोटात दाब साचतो. हा साचलेला दाब गरम पाण्याच्या दाबापेक्षा जास्त झाला की गरम पाणी आत येणंच थांबतं. त्याहून वाढला की गार पाणी गरमच्या पाइपमधून उलटं वर चढतं, सोलरच्या टाकीत शिरतं आणि व्हेंटमधून बाहेर पडतं. तुमचा सोलर लवकर कोमट का पडतो त्याचं उत्तरही यातच आहे. खालून गार पाणी भरतंय आणि वरून तापलेलं सांडतंय.

खालची तोटी मोकळी असते, तिथे अडथळा कमी, म्हणून दाब साचत नाही आणि गरम येतं.

दोन गोष्टी करून बघा. शॉवरचं डोकं फिरवून काढा आणि नुसत्या पाइपमधून पाणी सोडा. गरम यायला लागलं तर माझं म्हणणं बरोबर. मग सोलरहून खाली येणारा गरमचा व्हॉल्व्ह बंद करा, गारेचा पंप चालू ठेवा, शॉवरचं हँडल मध्यावर ठेवून पाणी सोडा आणि बेसिनचा फक्त गरमचा नळ उघडा. गरमची लाइन बंद असून तिथे जोरात पाणी आलं, तर ते मिक्सरमधून पलीकडे घुसलेलं गार पाणी आहे.

वाफ

पाइपपाना यांनी सांगितलं त्याला आकडे जोडतो, म्हणजे किती फरक आहे ते कळेल.

पाण्याचा १० मीटरचा स्तंभ म्हणजे साधारण १ किलो दाब, म्हणजे जवळपास १ बार. तुमच्या वरच्या मजल्यावरचा शॉवर जमिनीपासून सात फुटांवर धरला, तर स्लॅबपर्यंत तीन फूट, त्यावर सात फुटांचा कट्टा, आणि टाकीतलं पाणी आणखी शून्य ते तीन फूट. म्हणजे १० ते १३ फूट, ३ ते ४ मीटर. दाब झाला ०.३ ते ०.४ किलो. गरम पाण्याला मिळणारा दाबही हाच, कारण सोलरची टाकी गार टाकीतूनच भरते आणि व्हेंटने ती वर उघडी आहे. सोलर किती उंच ठेवलाय यावर गरमचा दाब ठरत नाही, गार टाकीतल्या पातळीवर ठरतो. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता पंपाचा दीड किलो म्हणजे १५ मीटरचा स्तंभ. तुमचा व्हेंट शॉवरपासून फार तर साडेचार-पाच मीटर उंच असेल. १५ मीटर चढू शकणारं पाणी पाच मीटरवरच्या उघड्या तोंडातून बाहेर पडणारच.

आणि हँडल केसभर हलवलं की बर्फ का? कारण गार बाजूचा दाब गरमच्या चौपट-पाचपट आहे. गारेची फट जराशी उघडली तरी तिथून भसकन पाणी येतं. मधलं विसण हँडलच्या अगदी निमुळत्या टापूत सापडतं, आणि पंप चालू-बंद झाला की तोही टापू सरकतो.

घरगुती

इतका खटाटोप कशाला? आमच्याकडे हेच होत होतं. बाथरूममधला गारेचा अँगल कॉक अर्धा बंद केला, झालं. फुकटात काम.

पाइपपाना

घरगुती, तुमच्याकडे चालतंय ते चांगलंच आहे, पण वयस्कर माणसं असलेल्या घरात मी हा उपाय सुचवणार नाही. कारण सांगतो.

अँगल कॉक आवळला की दाब कमी होत नाही, प्रवाह कमी होतो. पाणी वाहत असतं तोवर कॉकमध्ये दाब खर्च होतो आणि मिक्सरला कमी मिळतो. पाणी वाहायचं थांबलं की खर्च शून्य, आणि पंपाचा पूर्ण दाब पुन्हा मिक्सरवर उभा. हातशॉवरचं बटण दाबून धार थांबवली आणि मिक्सर उघडाच राहिला, तर गार पाणी निवांत गरमच्या लाइनमध्ये चढत राहतं. एका ठरावीक प्रवाहाला जमवलेला मेळ दुसऱ्या प्रवाहाला मोडतो. बादली भरताना बरोबर, शॉवरला चूक, असं.

तुमच्याकडे पंप नसावा, नुसता टाकीचाच फरक असावा असा माझा अंदाज आहे. थोडाच फरक असेल तर कॉकने भागतं.

कृष्णाकाठ

दोन्ही चाचण्या आज सकाळी केल्या. शॉवरचं डोकं काढल्यावर पाणी छान ऊन यायला लागलं. आणि गरमचा व्हॉल्व्ह बंद असतानाही बेसिनच्या गरम नळाला गार पाणी चांगल्या जोरात आलं. म्हणजे निदान पक्कं.

आता प्रश्न असा : गरमच्या लाइनवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवला तर पुरेल का? व्हेंटमधून वाहायचं तरी थांबेल ना?

पाइपपाना

वाहायचं थांबेल, आणि तो बसवाच. पण एनआरव्ही फक्त उलटं जाणारं पाणी अडवतो, गरमेला जोर देत नाही. तुमच्या शॉवरला पाणी गारच लागेल, फक्त सोलरची टाकी वाचेल. आणि बसवताना स्प्रिंगचा घेऊ नका. स्प्रिंग उघडायलाही थोडा दाब लागतो. एरवी तो जाणवत नाही, पण तुमच्याकडे सगळा मिळून तीन-चारशे ग्रॅम आहे, त्यातला थोडाही गेला तर जाणवेल. झडपेचा, आडव्या लाइनमध्ये बसणारा घ्या.

ठाणेकर_तिसरा_मजला

धागा वाचून माझाही प्रश्न विचारतो. आमच्याकडे सोलर नाही, बाथरूममध्ये २५ लिटरचा गिझर आहे. शॉवर चालू असताना कुणी फ्लश केला की पाणी एकदम चटका देतं. गिझर आणि गार पाणी एकाच लाइनवर आहेत, मग दाब वेगळा कसा?

वाफ

एकाच लाइनवर असले तरी फाटा कुठे फुटलाय ते महत्त्वाचं. बऱ्याच फ्लॅटमध्ये आत येणाऱ्या पाइपला आधी गिझरचा फाटा असतो, मग पुढे तीच लाइन मिक्सरची गार बाजू आणि फ्लश व्हॉल्व्ह दोघांना जाते. भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह काही सेकंदांत भसाभस पाणी ओढतो. तेवढ्या वेळात मिक्सरच्या गार बाजूचा दाब कोसळतो, गिझरच्या बाजूचा तितका नाही. म्हणून चटका.

खरा इलाज म्हणजे फ्लशला स्वतःची वेगळी लाइन, पण त्यासाठी भिंत फोडावी लागेल. भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह काढून टाकीचा फ्लश लावला तर बराच फरक पडतो, कारण टाकी सावकाश भरते. तिचा कॉक थोडा आवळून ठेवता येतो, आणि इथे आवळणं योग्य आहे, कारण टाकी भरायला दोन मिनिटं जास्त लागली तर काही बिघडत नाही.

आणि आजच्या आज, पैसे न खर्चता करता येईल असं एक : गिझरचं तापमान कमी करा. गार पाणी २० अंश आणि आंघोळीचं ४० अंश धरा. गिझर ६० वर असेल तर गरम-गार निम्मं निम्मं मिसळावं लागतं. फ्लशमुळे गारेचा प्रवाह निम्मा झाला की मिश्रण जवळपास ४७ अंशांवर उडी मारतं. तेच गिझर ५० वर ठेवला तर दोन भाग गरम आणि एक भाग गार लागतं. गार निम्मं झालं तरी मिश्रण ४४ पर्यंतच जातं. आणि गार पूर्ण बंद पडलं तरी अंगावर ५० चं येईल, ६० चं नाही. हा फरक मोठा आहे. ६० अंशांच्या पाण्याने चार-पाच सेकंदांत खोल भाजतं, ५० ला त्यासाठी काही मिनिटं लागतात. म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो.

यात जातं काय, तर पाणी. २५ लिटरचा गिझर ६० वर असेल तर ५० लिटर आंघोळीचं पाणी देतो, ५० वर असेल तर साडेसदतीस. एकामागून एक आंघोळी असतील तर मध्ये थांबावं लागेल.

ओवी_आणि_ओटा

इथे एक काळजीची गोष्ट मांडते, मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम करते. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, साधारण २५ ते ४५ अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. म्हणून साठवणीचं पाणी ६० अंशांवर ठेवावं असा सल्ला असतो. रोज चालू-बंद होणाऱ्या आणि रोज रिकाम्या होणाऱ्या लहान गिझरला हा धोका कमी, त्यामुळे वाफ यांच्या सल्ल्याला माझा विरोध नाही. पण गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परत आलात, तर पहिल्यांदा गिझर पूर्ण तापवून ते पाणी वाहू द्या, बाथरूमची खिडकी उघडी ठेवून. हे जंतू पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासात जातात, आणि शॉवर म्हणजे तुषारच.

मोठी सामायिक टाकी असलेल्या सोसायटीने मात्र तापमान उतरवू नये. तिथे साठवण ६० वर आणि प्रत्येक बाथरूमशी मिश्रणाचा व्हॉल्व्ह, हेच योग्य.

लीड्सचा_पाऊस

कृष्णाकाठ, तुमची अडचण इथल्या जुन्या घरांत घरोघरी असायची. इंग्लंडातल्या जुन्या पद्धतीत गार पाणी रस्त्यावरच्या मुख्य लाइनीतून थेट येतं, दोन-तीन बारने. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून सिलिंडरमध्ये उतरून येतं, दाब एखाद-दोन दशांश बार. या दोघांना एका शॉवरमध्ये जोडलं की तुमच्यासारखंच होतं. इथले प्लंबर शॉवरचं गार पाणीही मुद्दाम माळ्यावरच्या टाकीतूनच वेगळ्या पाइपने आणतात. दोन्ही पाणी एकाच टाकीतून, म्हणजे दाब सारखा. मग जोर हवाच असेल तर दोन पंख्यांचा एकच पंप बसवतात. एकाच मोटरवर एक बाजू गार ढकलते, दुसरी गरम, त्यामुळे दोघांचा दाब बरोबरीने वाढतो.

शिवाय थर्मोस्टॅटिक मिक्सर मिळतात. आत मेणाचा छोटा घटक असतो, मिश्रण तापलं की मेण फुगतं आणि गरमची वाट अरुंद करतं. गार पाणी बंद पडलं तर गरमही तोडतं. तुमच्या आईसाठी मला तोच सगळ्यात सुरक्षित वाटतो.

पाइपपाना

थर्मोस्टॅटिक चांगला, ठाण्याच्या घरी तर मी तोच सुचवेन. पण साताऱ्याच्या घरात आधी दाब सारखा केल्याशिवाय तो बसवू नये. या मिक्सरना दोन्ही बाजूंच्या दाबांत फार तफावत चालत नाही, बरेच जण पाचास एक ही मर्यादा सांगतात, आणि इथे आपण तिथेच टेकलोय. किमान दाबही लागतो. घेताना कमी दाबावर चालणारा आहे का ते खोक्यावर वाचून घ्या. आणि गरम पाणी मिश्रणापेक्षा निदान दहा-बारा अंश तापलेलं हवं, तरच तो नीट काम करतो. श्रावणात सोलरचं पाणी ४२ अंशांवर आलं की तो बिचकतो.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत शॉवरच्या व्हॉल्व्हमध्ये दाब समतोल करणारा भाग बसवलेला असतो. आत एक सरकती दांडी असते, गार बाजूचा दाब पडला की ती सरकून गरमचीही वाट तेवढीच अरुंद करते. फ्लशच्या चटक्यावर तो अगदी नेमका उपाय आहे, पण त्याला तापमान कळत नाही, फक्त दाब कळतो. हिवाळ्यात गार पाणी जास्त गार झालं की हँडल पुन्हा जुळवावं लागतं. थर्मोस्टॅटिक आणि हा, यांत गल्लत करू नका.

बाणेरची_टेकडी

कृष्णाकाठ, गारेच्या लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (पीआरव्ही, दाब कमी करणारा) का नाही लावत? आमच्या बावीस मजली इमारतीत प्रत्येक फ्लॅटला तो आहे आणि शॉवर एकदम स्थिर असतो.

वाफ

तुमच्याकडे तो गिझर आणि गार पाणी दोघांच्याही आधी आहे, म्हणून दोघांना एकच दाब मिळतो. शिवाय तिथे चार-पाच किलोचे दोन किलो करायचे असतात. बाजारात मिळणारे घरगुती पीआरव्ही साधारण एक किलोच्या खाली उतरत नाहीत. सातारच्या घरात गारेला ०.३५ वर आणायचंय, ते त्याच्या आवाक्याबाहेर आहे. आणि आधी पंपाने दीड किलो करायचे, मग व्हॉल्व्हने मारायचे, तर पंप कशाला?

कृष्णाकाठ

मग माझ्यापुढे खरे पर्याय कोणते उरतात? खर्च थोडा झाला तरी चालेल, पण काम कायमचं हवं.

पाइपपाना

निवांत लिहितो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

तत्त्व एकच धरा : मिक्सरपाशी गरम आणि गार एकाच पातळीच्या पाण्यातून, एकाच रीतीने आलं पाहिजे. जोर किती हा नंतरचा प्रश्न. लोक आधी जोर वाढवतात आणि मग मेळ शोधतात.

गरमेलाही पंप लावता येतो. पण तो सोलरच्या नंतर, गरमच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर बसतो, आधी नाही. आधी लावला तर दाब पुन्हा त्या काचेच्या नळ्यांच्या टाकीवर. शिवाय पंप गरम पाण्याचा म्हणून बनवलेला हवा. एप्रिल-मे महिन्यात सोलरचं पाणी ८० अंशांच्या वर जातं, साध्या पंपाचं सील त्यात टिकत नाही. आणि दोन पंप, दोघांचा चालू होण्याचा आणि बंद होण्याचा दाब वेगळा, म्हणजे शॉवर मागे-पुढे होतच राहणार. वीज गेली की दोन्ही गप्प. मला हा मार्ग फारसा पटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सोलरच्या टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं असलेला प्रकार. टाकीतलं पाणी नुसतं उष्णता देतं, पंपाचं गार पाणी वेटोळ्यातून जाताना तापतं आणि त्याच दाबाने शॉवरला येतं. दाबाचा मेळ आपोआप बसतो. किंवा दाब सोसणारी टाकी असलेला सपाट पत्र्याचा सोलर. दोन्ही उत्तम, पण तुमचा चालू सोलर बदलावा लागेल. वेटोळ्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर काही वर्षांत ते भरतं, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा, जो मी माझ्या घरी केला असता : शॉवरला पंपावरून सोडवा. पंप वॉशिंग मशीन, बागेचा नळ, हवं तर संडासाचा जेट यांना ठेवा. बाथरूमच्या मिक्सरला गार पाणी टाकीतून वेगळ्या पाइपने उतरवा, थेट, पंपाशी काही संबंध नाही. मग गरम ०.३५ आणि गार ०.३५. मेळ तिथेच बसला.

आता एवढ्या कमी दाबात धार हवी, तर पाइप मोठा घ्या. गच्चीवरून बाथरूमपर्यंत दोन्ही लाइनी एक इंची, आत पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या वीतभर अंतरात. तेवढंच पाणी नेताना अर्ध्या इंचीऐवजी पाऊण इंची पाइप घातला तर घर्षणात जाणारा दाब साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. जिथे मुळात तीन-चारशे ग्रॅमच आहेत तिथे ही बचत म्हणजेच तुमचा पंप. काटकोनी एल्बो कमी, शक्य तिथे लांब वळणाचे बेंड. गेट व्हॉल्व्हऐवजी पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह. गिझरला लावतात ती बारीक जाळीची लवचिक नळी या लाइनमध्ये कुठेही नको, तिचं आतलं भोक फार लहान असतं.

गरमेला सीपीव्हीसी किंवा पीपीआर घ्या. गारेचा पांढरा यूपीव्हीसी गरमेला चालत नाही, मऊ पडून झोळ धरतो.

आठ इंची शॉवर मात्र काढावा लागेल. त्याला निदान एक किलो हवा. चार इंची, मोठ्या भोकांचा, कमी दाबाचा म्हणून मिळणारा घ्या. भिंतीतला डायव्हर्टर बदलायला लागेलच असं नाही, पण तो जास्त प्रवाहाचा आहे ना बघा.

वाफ

एक भर. कृष्णाकाठ, तुमची गरमची लाइन गच्चीच्या कठड्यावरून चढून मग खाली उतरते का? तसं असेल तर त्या उंचवट्यात हवा अडकते. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. पंपाच्या लाइनमध्ये ती ढकलली जाते, उंचीच्या पाण्याला ते जमत नाही. नळ आधी गुळगुळ करतो, मग धार तुटते.

कृष्णाकाठ

हो, अगदी कठड्यावरूनच गेली आहे, चांगली दोन फूट चढून! पूर्वीही अधूनमधून गरम पाणी यायचं थांबायचं, आम्ही नळ उघडा ठेवून वाट बघायचो.

पाइपपाना

मग काम काढताय तर कठड्याला तळाशी भोक पाडून लाइन त्यातून न्या, टाकीपासून नळापर्यंत सतत उतरती. भोकाभोवती वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात खोलीच्या भिंतीला ओल येईल. कठड्यावरूनच न्यायची वेळ आली तर सगळ्यात उंच जागी टी घालून छोटा व्हेंट वर काढा, टाकीतल्या पातळीच्या वर जाईल एवढा.

गोदाकाठ

गॅस गिझरवाल्यांसाठी काही? नाशिकला आमच्याकडे शॉवरमध्ये गार मिसळायला गेलं की गिझर विझतोच.

वाफ

गॅस गिझर पाण्याच्या प्रवाहावर पेटतो. गार मिसळलं की शॉवरमधून जाणाऱ्या एकूण पाण्यात गिझरचा वाटा घटतो, ठरावीक प्रवाहाच्या खाली गेला की ज्योत बंद. उपाय उलटा आहे : गार मिसळू नका. गिझरवरचा गॅसचा खटका कमी करून पाणी तिथेच आंघोळीचं करा आणि गरमची बाजू पूर्ण उघडी ठेवा.

आणि गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. दरवर्षी थंडीत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. शॉवरच्या मेळापेक्षा हे फार महत्त्वाचं आहे.

कृष्णाकाठ

काम झालं, सांगायला आलो. गारेची वेगळी एक इंची लाइन टाकीतून उतरवली, गरमची कठड्याच्या तळातून नेली, आत पाऊण इंची केली. पंप फक्त मशीन आणि बागेवर. शॉवर चार इंची.

पाइपपाना यांनी फोनवर सांगितलेली बादलीची चाचणी केली. दहा लिटरची बादली फक्त गारेने सव्वा मिनिटाच्या आत भरली, फक्त गरमेने त्याहून थोडी सावकाश. हँडल आता मधल्या जवळजवळ अर्ध्या फेऱ्यात कुठेही ठेवलं तरी पाणी सहन होईल असं असतं. व्हेंट कोरडा आहे. आई शॉवरखाली स्टुलावर बसून आंघोळ करते, हँडल तिचं तीच फिरवते. धार पूर्वीच्या पंपाएवढी नाही, पण घरात कुणालाही त्याचं काही वाटत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

तळमजल्यावर मात्र धार वरच्यापेक्षा चांगली आहे.

वाफ

असणारच, तिथे दहा फूट जास्त मिळतात. म्हणजे ०.६५ च्या आसपास, वरच्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठ्या शॉवरची हौस असेल तर तो काढलेला आठ इंची खाली लावून बघा, कदाचित जमेल.

बार्शीचा_वाडा

आमचं घर अजून विटांच्या पातळीवर आहे, सोलर बसवायचा ठरलाय. आत्तापासून काय सांगून ठेवू?

पाइपपाना

वेळेवर विचारलंत. स्लॅब पडण्याआधी चार गोष्टी गवंड्याला आणि प्लंबरला एकत्र बसवून सांगा.

गार टाकीचा कट्टा जितका उंच करता येईल तितका करा. टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याच्या वर राहिलाच पाहिजे, नाहीतर गार टाकी अर्धी झाली की सोलर भरणं थांबेल. वरच्या मजल्याच्या शॉवरसाठी कट्ट्याचा प्रत्येक फूट मोलाचा, तीन फूट वाढवले की ०.१ किलो. आरसीसीचा कट्टा करताय तर भाराचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या. १००० लिटर म्हणजे एक टन पाणी.

टाकीला बाहेर जाणारी तोंडं तीन वेगळी ठेवा : सोलर भरायला एक, बाथरूमच्या मिक्सरांना एक, आणि बाकी घराला एक. पुढे कधी पंप लावलात तर तो या तिसऱ्यावर, पहिल्या दोनवर कधीच नाही. प्रत्येक तोंडाला व्हॉल्व्ह आणि त्याच्यावर रंगाने नाव, कारण पाच वर्षांनी येणारा प्लंबर वेगळा असेल.

फ्लशची लाइन मिक्सरच्या लाइनला कुठेही जोडू देऊ नका. बाथरूमच्या भिंती बंद करण्याआधी पाइपांचे फोटो काढा, मोजपट्टी लावून.

आणि बार्शीकडे बोअरचं पाणी जड असतं, तेव्हा शॉवरचं डोकं हाताने फिरवून निघेल असं घ्या. भोकं क्षाराने बुजली की अडथळा वाढतो, मिक्सरच्या पोटात दाब साचतो, आणि जरा जरी दाबाचा फरक असेल तर तो तिथेच उघडा पडतो. दोन महिन्यांतून एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तरी पुरे.

बार्शीचा_वाडा

मिक्सरची लाइन सगळ्या बाथरूमना मिळून एकच चालेल की प्रत्येकाला वेगळी?

पाइपपाना

किती बाथरूम? दोन असतील तर एक इंची एकच उतरवा आणि प्रत्येक मजल्यावर पाऊण इंची फाटा काढा. तीन किंवा जास्त असतील आणि सकाळी एकदम वापरणार असाल तर मुख्य उतार सव्वा इंची घ्या, गरमचाही तेवढाच. दोन्ही उतार शेजारी शेजारी, सारख्याच मापाचे, फाटेही सारख्याच उंचीवर. मग एकाच वेळी दोन शॉवर चालले तरी दाब दोन्हीकडे बरोबरीने पडेल.

नकाशा इथे टाका, मी खुणा करून देतो.